स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप वापरताना: 'भुतं' नावाच्या फोल्डरमधून

माझ्या कॉम्प्युटरवर 'भुतं' नावाचा एक फोल्डर आहे. सोळा वर्षं मी स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवते आहे. आम्ही त्याला नुसतं 'सेम' म्हणतो. एवढ्या वर्षांत ज्या ज्या फोटोंवर कुणीतरी "सापडलं!" म्हणून खुर्चीतून उठलं आणि नंतर ते मिठाचे खडे, कोटिंगच्या भेगा नाहीतर हातमोज्यांवरची पावडर निघाली, ते सगळे फोटो मी तिथे जपून ठेवलेत. पहिला फोटो माझाच आहे. लाल रक्तपेशींवर सुबक, दाणेदार गोळ्या बसल्या आहेत. दोन दिवस मी त्यांना नॅनोकण समजत होते. प्रत्यक्षात फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं क्षाराचं द्रावण) नीट न धुता सॅम्पल थेट अल्कोहोलमध्ये टाकल्यामुळे क्षाराचा साका पेशींवर बसला होता.

नवीन माणूस सॅम्पल घेऊन आला की मी त्याला आधी हा फोल्डर दाखवते, मग मशीन. मशीनची बटणं चार दिवसांत हाताखाली येतात. पण पडद्यावर दिसतंय ते सॅम्पलमध्ये मुळात होतं की आपण घातलं, हा प्रश्न दरवेळी नव्याने सोडवावा लागतो. पुढे लिहिलंय ते सगळं त्यासाठीच आहे, मग सॅम्पल ऊतकाचं असो की गुन्ह्याच्या जागेवरून आलेलं.

आधी प्रश्न लिहा

सेममध्ये खरं तर फोटो निघत नाही. इलेक्ट्रॉनचा बारीक झोत सॅम्पलवर ओळीओळीने फिरतो आणि प्रत्येक जागेवरून किती इलेक्ट्रॉन परत आले त्याप्रमाणे पडद्यावर एकेक करडा ठिपका उमटतो. कमी ऊर्जेचे सेकंडरी इलेक्ट्रॉन अगदी वरच्या काही नॅनोमीटरमधून येतात, म्हणून त्यांच्यात पृष्ठभागाचे चढउतार दिसतात. बॅकस्कॅटर इलेक्ट्रॉन जड मूलद्रव्यावरून जास्त परततात. शिसं पांढरं दिसतं, कार्बन काळा. त्याच जागेवरून निघणारे एक्स-रे ईडीएस डिटेक्टरने मोजले की तिथे कोणती मूलद्रव्यं आहेत ते कळतं. रंग यात कुठेच नाही. मासिकांत दिसणारे जांभळे जंतू नंतर कुणीतरी बसून रंगवलेले असतात.

तेव्हा सॅम्पल कापण्याआधी वहीत एक ओळ लिहा: मला काय बघायचंय? श्वासनलिकेतल्या पेशींवरचे केसर, म्हणजे केसांसारखे बारीक तंतू, गळाले आहेत का, कॅथेटरच्या आतल्या बाजूला जंतूंचा थर आहे का, या हातावर काडतुसाचे कण आहेत का, ही सगळी सेमची कामं. पेशीच्या आत काय चाललंय हे बघायचं असेल तर ट्रान्समिशन मायक्रोस्कोपकडे जा. 'हे औषध पेशीत शिरलं का' असं विचारत कुणी आलं तर मी परत पाठवते, कारण ईडीएसला रेणू कळत नाहीत. त्याला कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन दिसतील, आणि ते तर औषधातही आहेत, पेशीतही आहेत आणि सॅम्पल ज्यावर चिकटवतो त्या टेपमध्येही. तसंच, डाग रक्ताचा आहे हे पेशींच्या आकारावरून एखादवेळी कळेल, पण कुणाच्या रक्ताचा हे सेम कधीच सांगणार नाही.

आणि ज्या कामाला साधा प्रकाशाचा मायक्रोस्कोप पुरतो तिथे तोच वापरा. तो सुमारे २०० नॅनोमीटरपर्यंतचा तपशील सुटा करून दाखवतो, सॅम्पल ओलं चालतं, रंग दिसतात. सेममध्ये येणारी प्रत्येक वस्तू मी आधी स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बघते आणि हाताने चित्र काढते. आत गेल्यावर सगळं करडं होतं आणि आपण कुठे आहोत हे कळेनासं होतं. तेव्हा ते वाकडंतिकडं चित्रच वाट दाखवतं.

ऊतकाची तयारी: नव्वद टक्के काम इथेच

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तयारीत जे गेलं ते कितीही महागड्या मशीनने परत येत नाही. जिवंत ऊतक म्हणजे बहुतांशी पाणी, आणि सेमच्या चेंबरमध्ये निर्वात. या दोघांचं जमत नाही. म्हणून पाणी काढायचं, पण आकार मोडू द्यायचा नाही.

ऊतक हातात आल्याबरोबर, अक्षरशः मिनिटांत, फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे ते आहे त्या आकारात पक्कं करणाऱ्या द्रावणात, जायला हवं. त्याआधी पृष्ठभागावरचं रक्त, श्लेष्मा कोमट बफर्ड सलाइनने हलकेच धुऊन घ्या. श्वासनलिकेच्या सॅम्पलमध्ये हे विसरलात तर केसरांऐवजी वाळलेल्या श्लेष्माची चादर दिसेल. फिक्सेटिव्ह म्हणजे ०.१ मोलर फॉस्फेट किंवा कॅकोडिलेट बफरमध्ये २.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइड, पीएच ७.२ ते ७.४. ग्लुटाराल्डिहाइड ऊतकात फार हळू शिरतं, म्हणून तुकड्याची जाडी १ ते २ मिलिमीटरच्या वर नको, आणि द्रावण तुकड्याच्या निदान दहापट. खोलीच्या तापमानाला २ तास किंवा ४ अंश सेल्सिअसला रात्रभर. कॅकोडिलेटमध्ये आर्सेनिक असतं. ते सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत जमा करा.

इथे एक छोटी गोष्ट जी कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये मला लिहिलेली दिसली नाही: तुकड्याची बघायची बाजू कोणती हे आत्ताच खूण करून ठेवा. एका कोपऱ्याला तिरका काप द्या. काचेवर वाढवलेल्या पेशी असतील तर त्या बाजूला सुईने तुमच्या नावाचं एखादं अक्षर कोरा. अक्षर सुलटं दिसतंय तोवर पेशी वर आहेत. हे न केल्यामुळे दोन आठवड्यांचं काम करून कोऱ्या काचेचे फोटो घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांपैकी एक फोटो फोल्डरमध्येही आहे, खाली कॅप्शन: 'शून्य पेशी, उत्तम फोकस'.

मग बफरमध्ये तीनदा धुवा, दरवेळी १० मिनिटं. त्यानंतर १ टक्का ऑस्मियम टेट्रॉक्साइड, तासभर. ते स्निग्ध पदार्थ पक्के करतं, ऊतक काळंठिक्कर पडतं आणि थोडी वीजही वाहू लागते. हे काम फक्त फ्यूम हूडमध्ये, हातमोजे आणि चष्मा घालून. ऑस्मियमची वाफ ऊतक आणि तुमच्या डोळ्याचं बुबुळ यांत फरक करत नाही. पुढे ईडीएसने फॉस्फरस मोजायचा असेल तर ऑस्मियम टाळा: त्याची एक्स-रे रेषा १.९१ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला येते आणि फॉस्फरसची २.०१ ला, दोघी एकमेकींच्या पदराआड लपतात. ऑस्मियमनंतर डिस्टिल्ड पाण्याने धुवा. माझ्या नॅनोकणांची कहाणी आठवत असेल तर ही पायरी तुम्ही गाळणार नाही.

आता पाण्याच्या जागी अल्कोहोल: ३०, ५०, ७०, ८०, ९०, ९५ टक्के आणि मग १०० टक्के तीनदा, प्रत्येकात १० ते १५ मिनिटं. घरी जायची वेळ झाली तर ७० टक्क्यांत फ्रिजमध्ये ठेवून जा. इतर कुठे थांबू नका. द्रावण बदलताना सॅम्पल क्षणभरही कोरडं पडता कामा नये. जुनं द्रावण पूर्ण ओतून मग नवं घालायची सवय असेल तर ती मोडा. थोडं खाली ठेवा, वर नवं घाला. शेवटचं १०० टक्के अल्कोहोल नव्या बाटलीतलं हवं. महिनाभर उघडझाप झालेल्या बाटलीने हवेतलं पाणी केव्हाच ओढून घेतलेलं असतं.

आता वाळवण. हवेत वाळवलं की पाण्याचा पृष्ठताण पेशी चपट्या करतो, हवा गेलेल्या फुग्यासारख्या. यावर उपाय क्रिटिकल पॉइंट ड्रायर, आमच्या तोंडी सीपीडी. अल्कोहोलच्या जागी द्रव कार्बन डायऑक्साइड भरायचा आणि तापमान ३१ अंश, दाब सुमारे ७४ बार यांच्या वर न्यायचं. तिथे द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच पुसली जाते; सीमा नाही तर पृष्ठताण नाही. दोन चुका नेहमी होतात. अल्कोहोल पूर्ण निघण्याआधी गरम करायला घेतात. त्यासाठी चेंबर अनेकदा भरून-सोडून घ्यावा लागतो आणि मधे थांबावं लागतं, कारण ऊतकाच्या आतलं अल्कोहोल बाहेर यायला वेळ घेतं. दुसरी चूक म्हणजे शेवटी दाब घाईने सोडणं. तापमान खाली पडून आत पुन्हा द्रव जमतो आणि मिळवलेलं सगळं जातं. मी दाब सोडायला लागले की मोबाइल बाजूला ठेवून शेजारीच बसते.

सीपीडी नसेल तर एचएमडीएस, म्हणजे हेक्सामिथाइल-डायसिलाझेन, वापरता येतं. अल्कोहोलनंतर दोनदा १५-१५ मिनिटं, मग हूडमध्ये उघडं ठेवून रात्रभर उडू द्यायचं. जंतू, कीटक, काचेवरच्या पेशी यांना ते पुरतं. नाजूक केसरांना मी सीपीडीच वापरते. कुठल्याही पद्धतीने ऊतक थोडं आकसतंच. सेमच्या फोटोवर मोजलेला व्यास जिवंत पेशीचा म्हणून छापू नका.

जंतूंच्या थराबद्दल, म्हणजे बायोफिल्मबद्दल, वेगळं सांगायला हवं, कारण फोल्डरमधली सर्वांत सुंदर भुतं तिथलीच आहेत. एक संशोधक मुलगी कॅथेटरचे तुकडे घेऊन आली. पहिल्या खेपेला तिने पिपेटने जोरात धुतलं होतं. प्लास्टिक स्वच्छ, जंतू नाहीत. दुसऱ्या खेपेला जंतू होते आणि त्यांच्यामध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरले होते. ते धागे एकमेकांशी बोलायच्या तारा आहेत असा तिचा ग्रह झाला. तो जंतूंचा बुळबुळीत लेप होता. पाणी निघून गेल्यावर आकसून त्याच्या दोऱ्या झाल्या. हे पडताळायचं असेल तर त्याच सॅम्पलचा एक तुकडा गोठवून क्रायो-सेममध्ये किंवा ओलावा ठेवणाऱ्या एन्व्हायर्नमेंटल सेममध्ये बघा. तिथे जाळं गायब होऊन सलग साय दिसली की उलगडा होतो. ती मुलगी थोडी हिरमुसली. पण तिच्या प्रबंधातलं हे प्रकरण मला आजही सगळ्यांत प्रामाणिक वाटतं.

दातांचंही तसंच. दंतिका (दाताच्या कवचाखालचा थर, डेंटिन) निर्वातात वाळली की तडकते, म्हणून 'उपचारामुळे पडलेल्या भेगा' असं लिहिण्याआधी उपचार न केलेला दात त्याच तयारीतून न्या. त्यातही भेगा असतील तर त्या तुमच्या आहेत. याहून सोपी वाट म्हणजे ठसा: दंतवैद्य वापरतात त्या सिलिकॉनने पृष्ठभागाचा साचा घ्यायचा, त्यात इपॉक्सी रेझिन ओतायचं आणि ती प्रतिकृती सेममध्ये घालायची. मूळ दात रुग्णाच्या तोंडात जागच्या जागी राहतो आणि महिन्यांनी पुन्हा ठसा घेऊन झीज किती झाली ते बघता येतं. हाडावरच्या करवतीच्या खुणांसाठी न्यायवैद्यकातही हीच युक्ती चालते.

मूतखडे मात्र बिचारे गुणी. ना फिक्सिंग, ना सीपीडी. फोडायचे, वाळवायचे, ताज्या तुटलेल्या तोंडावर कार्बन चढवायचा. कॅल्शियम ऑक्झलेट आणि कॅल्शियम फॉस्फेट ईडीएसवर फॉस्फरसच्या रेषेने वेगळे पडतात, मॅग्नेशियम आणि फॉस्फरस एकत्र दिसले तर स्ट्रुव्हाइट या जातीच्या खड्याचा संशय घ्यायचा. ऑक्झलेटचे दोन प्रकार ईडीएसला सारखेच, पण डोळ्याला नाहीत: डायहायड्रेट दोन पिरॅमिड तळाशी चिकटवल्यासारखं, मोनोहायड्रेट पातळ पापुद्र्यांचं.

स्टब, कोटिंग, बीम

स्टब म्हणजे ॲल्युमिनियमची छोटी चकती, खाली दांडी. त्यावर दोन्हीकडून चिकटणारी कार्बन टेप, त्यावर सॅम्पल. उंच किंवा ओबडधोबड सॅम्पलच्या माथ्यापासून स्टबपर्यंत चंदेरी रंगाची, म्हणजे सिल्व्हर पेंटची, एक बारीक रेघ ओढा, म्हणजे वीज उतरायला वाट मिळते. पेंट पूर्ण वाळल्याशिवाय चेंबरमध्ये घालू नका. नंबर स्टबच्या तळाला कोरा. वर लिहिलेला नंबर कोटिंगखाली जातो.

पृष्ठभागावरून वीज वाहावी म्हणून चढवायचं कोटिंग साधारण १० नॅनोमीटर सोनं किंवा सोनं-पॅलेडियम. ५० हजार पटींच्या आसपास गेलात की सोन्याचेच दाणे दिसू लागतात, आणि पेशीच्या पृष्ठभागावर 'कणीदार रचना' आहे असं लेखांत छापून येतं. तेवढं मोठं करायचं असेल तर प्लॅटिनम किंवा इरिडियम, तेही पातळ. ईडीएस करायचं असेल तर कार्बनच. सोन्याची रेषा २.१२ ला येते, म्हणजे फॉस्फरसच्या २.०१ आणि गंधकाच्या २.३१ यांच्या बरोबर मधे जाऊन बसते.

मशीनवर बसल्यावर जैविक सॅम्पलला ३ ते ५ किलोव्होल्टपासून सुरुवात करा. २० किलोव्होल्टला झोत ऊतकात काही मायक्रोमीटर खोल शिरतो, पृष्ठभाग काचेसारखा आरपार दिसायला लागतो आणि कडा चमकतात. सुरुवात सर्वांत कमी मॅग्निफिकेशनने. तुमच्या हाताने काढलेल्या चित्राशी जुळवा. ज्या मॅग्निफिकेशनला फोटो घ्यायचाय त्याच्या दुप्पट-तिप्पट वर जाऊन फोकस करा, मग खाली या. फोकसच्या अलीकडे-पलीकडे नेताना चित्र आधी एका दिशेला आणि मग काटकोनात दुसऱ्या दिशेला ताणलं जात असेल तर ते ॲस्टिग्मॅटिझम. तो घालवणारी एक्स आणि वाय स्टिग्मेटर बटणं आळीपाळीने फिरवा आणि मधे मधे फोकस करत राहा. हे शब्दांत सांगून येत नाही. दाणेदार सॅम्पलवर अर्धा दिवस बसलात की बोटांना कळतं.

चित्र अचानक पांढरं पडलं, पट्टे आले, सॅम्पल सरकायला लागलं तर ते चार्जिंग, म्हणजे सॅम्पलवर विजेचा भार साठणं. व्होल्टेज उतरवा, स्कॅन जलद करून फ्रेमची सरासरी घ्या, नाहीतर लो-व्हॅक्यूमवर जा. तिथे चेंबरमधले थोडे वायूचे रेणू आयन होऊन साठलेला भार शमवतात. मॅग्निफिकेशन कमी केल्यावर मधे काळसर चौकोन दिसला तर तुम्ही तिथे जास्त वेळ बसलात: झोताने हायड्रोकार्बनचा थर तिथे बसवलाय. फोकस एका जागी करा, फोटो शेजारच्या जागेचा घ्या.

जागा निवडताना मात्र हात आवरा. सुंदर पेशी शोधत फिरणं हा सेमवरचा सगळ्यांत मोठा अप्रामाणिकपणा आहे आणि आपण तो करतोय हे करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मी स्टबवर आधीच दहा ठिकाणं ठरवते, एक्स-वाय आकडे लिहिते आणि तिथे जे असेल त्याचा फोटो घेते, घाण असली तरी. शक्य असेल तर कोणता स्टब उपचाराचा आणि कोणता साधा हे मला सांगूच नका. आणि फोटोवर मापपट्टी ठेवा. 'दहा हजार पट' या आकड्याला फोटो लहान-मोठा छापला की काही अर्थ उरत नाही.

पुरावा आला की नियम बदलतात

ऊतकाचं सॅम्पल बिघडलं तर दुसरं करता येतं. पुरावा एकच असतो. तिथे माझा क्रम उलटा होतो: आधी काहीही न लावता लो-व्हॅक्यूममध्ये बघायचं, सोनं कधीच नाही, अगदीच लागलं तर कार्बन, आणि तेही लिहून, सही करून. पाकीट कुणी उघडलं, कधी, सील कसं होतं, चेंबरमध्ये त्याआधी काय होतं, सगळं नोंदवायचं.

बंदुकीच्या गोळीचे अवशेष हे इथलं सर्वांत गाजलेलं काम. काडतुसाच्या प्रायमरमध्ये, म्हणजे आतली दारू पेटवणाऱ्या मिश्रणात, पारंपरिकपणे लेड स्टिफ्नेट, बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड असतं. स्फोटात त्यांची वाफ होते आणि ती झटकन थंड होऊन वितळलेल्या थेंबासारखे गोल कण बनतात, बहुतेक अर्धा ते १० मायक्रोमीटरचे. एकाच कणात शिसं, बेरियम आणि अँटिमनी तिन्ही, आणि वितळून थिजल्यासारखा आकार, हे दोन्ही जुळलं तर तो कण वैशिष्ट्यपूर्ण मानतात. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं ई-१५८८ हे मानक याच पद्धतीचं आहे. या कामात पडणार असाल तर ते आधी वाचा.

हातावरचे कण फार टिकत नाहीत. हात धुणं, खिशात घालणं, काही तासांचा साधा वावर यांतच बहुतेक झडतात. म्हणून नमुना बोटांचे ठसे घेण्याआधी घ्यायचा. चिकट कार्बनचा स्टब अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या भागावर, हाताच्या पाठीवर, तळव्यावर पुन्हा पुन्हा टेकवायचा, चिकटपणा संपेपर्यंत. वाट बघावी लागणार असेल तर हातांवर कागदी पिशव्या. प्लास्टिकमध्ये घाम सुटतो. आणि नमुना घेणाऱ्याने त्या दिवशी शस्त्र हाताळलेलं नसावं.

मशीनवर २० ते २५ किलोव्होल्ट लावा, कारण शिशाची १०.५५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा उठायला तेवढा जोर लागतो. ती रेषा का हवी? खालची २.३४ ची रेषा गंधकाच्या २.३१ शी मिसळते म्हणून. असाच सापळा बेरियमचा: त्याची ४.४७ आणि टायटॅनियमची ४.५१. टायटॅनियम पांढऱ्या रंगात सगळीकडे असतं. बेरियमच्या पुढच्या रेषा, ४.८३ आणि ५.५३, योग्य प्रमाणात दिसल्या तरच बेरियम म्हणा. अँटिमनीच्या ३.६० शेजारी कॅल्शियम ३.६९ ला उभं असतं. सॉफ्टवेअरचं आपोआप नावं लावणारं बटण यात बिनधास्त चुकतं. ते दाबा, पण त्याच्यावर विसंबू नका.

शोध स्वयंचलित असतो. बॅकस्कॅटरमध्ये उजळ कण मशीन स्वतः शोधतं, एकेकाचा स्पेक्ट्रम घेतं, काही तास लावतं. त्याआधी आणि नंतर माहीत असलेल्या कणांचा स्टब चालवा, म्हणजे मशीनची नजर शाबूत आहे हे कळेल. आणि प्रत्येक बॅचमध्ये एक कोरा स्टब. त्या कोऱ्या स्टबने मला एकदा घाम फोडलाय. शिकाऊ असताना माझ्या कोऱ्या स्टबवर तिन्ही मूलद्रव्यांचा एक देखणा गोल कण सापडला. मी आदल्या दिवशी ज्या टेबलावर झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या ठेवल्या होत्या, त्याच टेबलावर स्टबचं झाकण उघडलं होतं. सगळी बॅच रद्द, पुन्हा पहिल्यापासून. तो सरावाचा संच होता हे माझं नशीब.

मशीनने दिलेल्या यादीतला प्रत्येक कण स्वतः जाऊन पुन्हा बघा. फटाक्यांत बेरियम असतं, सोबत मॅग्नेशियम, पोटॅशियम, क्लोरीन. ब्रेकच्या लायनिंगमधून येणाऱ्या कणांत लोखंड भरपूर. उलट शिसं नसलेल्या प्रायमरमधून टायटॅनियम आणि जस्ताचे कण येऊ शकतात. म्हणून त्या प्रकरणातलं काडतूस किंवा पुंगळी मिळाली तर तिच्या आतला मळ आधी तपासा. काय शोधायचं ते तिथे लिहिलेलं असतं.

एका कणावर किती वजन टाकायचं? ब्रिटनमध्ये टीव्ही निवेदिका जिल डँडो यांचा १९९९ मध्ये खून झाला. बॅरी जॉर्ज यांना २००१ मध्ये दोषी ठरवलं गेलं, तेव्हा त्यांच्या कोटाच्या खिशात सापडलेल्या अशा एका कणाचा पुराव्यात समावेश होता. २००७ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली, २००८ च्या फेरखटल्यात ते निर्दोष सुटले. तो एक कण इतर मार्गाने खिशात येण्याची शक्यताही तेवढीच होती, हा अपिलातला कळीचा मुद्दा होता. सेमने कण ओळखण्यात चूक केली नव्हती. सुतावरून स्वर्ग माणसांनी गाठला. म्हणून अहवालात 'याने गोळी झाडली' असं कधी लिहू नका. कण सापडले, इतके, असे. ते झाडणाऱ्याच्या, जवळ उभ्या असलेल्याच्या किंवा कणांचा स्पर्श झालेल्याच्या हातावर असू शकतात, असं लिहा.

अपघातातल्या दिव्याचं काम मला मनापासून आवडतं. रात्री दोन गाड्या धडकल्या, एकाचं म्हणणं समोरच्याचे दिवे बंद होते. दिव्याची काच फुटली त्या क्षणी फिलामेंट तापलेलं असेल तर काचेचा चुरा त्यावर वितळून मण्यांसारखा चिकटतो आणि टंगस्टनवर ऑक्साइड चढतं. फिलामेंट थंड असेल तर काच चिकटत नाही, तार ठिसूळपणे तुटते आणि तुटलेलं तोंड लख्ख राहतं. टंगस्टन वीज वाहतं, म्हणून कोटिंग लागत नाही. बॅकस्कॅटरमध्ये उजळ तारेवर काचेचे काळे मणी लगेच उठून दिसतात, ईडीएसवर सिलिकॉन येतं. हेडलाइटमध्ये दोन फिलामेंट असतील तर दोन्ही बघा. आणि जागेवरच्या माणसांना एक गोष्ट बजावून ठेवा: दिवा चालतो का बघायला स्विच दाबायचा नाही. तुटलेल्या काचेच्या दिव्यातून वीज वाहिली की थंड फिलामेंटही 'तापलेलं' होतं आणि पुरावा तिथेच संपतो. एलईडी आल्यापासून ही विद्या हळूहळू निवृत्तीकडे निघाली आहे, याचं मला थोडं वाईट वाटतं.

विजेच्या धक्क्याच्या संशयात त्वचेवर तांब्याचे, लोखंडाचे कण शोधायचे असतील तर तुकडा प्लास्टिकच्या चिमट्याने उचला आणि त्याच शरीराचा दुसऱ्या जागेचा तुकडा तुलनेला घ्या. बुडून मृत्यूच्या तपासात मज्जा नायट्रिक ॲसिडने जाळून डायटमची, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म एकपेशीय शैवालांची, सिलिकाची कवचं शोधतात. त्यांच्यावरची नक्षी सेममध्ये इतकी स्पष्ट दिसते की जात ओळखता येते. पण त्याच जागेच्या पाण्याचा नमुना आणि फक्त ॲसिड-पाणी घातलेली कोरी नळी सोबत नसेल तर मी ते काम घेतच नाही. प्रयोगशाळेच्या नळाच्या पाण्यातही डायटम असू शकतात.

काम झालं की स्टब फेकू नका. ऊतकाचे स्टब डेसिकेटरमध्ये ठेवा, हवेतला ओलावा ओढून ते महिनाभरात मऊ पडतात. पुराव्याचे स्टब आपापल्या डबीत, पुन्हा सील करून, आणि अहवालात प्रत्येक कणाचे स्टेजवरचे एक्स-वाय आकडे, शिवाय स्टब कोणत्या दिशेने बसवला होता त्याची खूण. फोटो मूळ फाइलमध्ये, खालची माहितीची पट्टी न कापता. स्पेक्ट्रमही मूळ स्वरूपात, नुसतं चित्र नको. दोन-तीन वर्षांनी विरुद्ध बाजूचा तज्ज्ञ तोच कण स्वतःच्या मशीनवर बघायला मागतो, आणि तेव्हा मला फक्त डबी आणि आकड्यांचा कागद पुढे सरकवायचा असतो.